झोपलेल्याला उठवताना

झोप, गुंगी, बेशुद्धी या एकाच अंधाराच्या कमीजास्त छटा आहेत, असं मी कितीतरी वर्षं मानत होतो. अमळनेरला प्रतापशेठांच्या पुढाकाराने 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं आणि तिथे अद्वैताचा कसून अभ्यास झाला. त्या गावात राहून मलाही वेदान्त वाचायची गोडी लागली. सुषुप्तीवर, म्हणजे स्वप्नरहित गाढ झोपेवर, तासन्‌तास बोलावंसं वाटे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात मूर्च्छेसाठी मात्र वेगळं सूत्र का खर्ची घातलं, ते कळत नसे. नुसता कीस काढलाय, असं वाटायचं.

ते मत आता राहिलं नाही. बदललं ते आमच्या उन्हाळ्यामुळे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. केळीच्या बागेतला मजूर निंबाखाली आडवा होतो, म्हातारी माणसं पत्र्याच्या खोलीत पडून राहतात. ‘थकेल शे, झोपू दे’ म्हणत घरचे मायेनेच दार लोटून घेतात. आमच्या शेजारचे एक बाबा असेच पडले होते. संध्याकाळी हाका मारल्या तेव्हा ते उठले नाहीत.

त्यानंतर त्या मूर्च्छेच्या सूत्रावरचं भाष्य पुन्हा काढलं. शंकराचार्य तिथे वैद्यासारखे पाहतात. झोपलेल्याचा चेहरा प्रसन्न, श्वास एका लयीत, हाताने हलवलं तरी जाग येते. मूर्च्छिताचा श्वास कधी बराच वेळ थांबतो, अंग कापतं, चेहरा भेसूर होतो, मुद्गराने मारलं तरी तो उठत नाही. झोप थकव्याने येते, मूर्च्छा आघाताने. म्हणून ती सुषुप्तीशी अर्धीच जुळते. उरलेल्या अर्ध्या अंगाने ती मरणाचं दार आहे. हा कीस नव्हे, हे मला तेव्हा पटलं.

आता भर दुपारी कोणी गाढ दिसलं की मी खांद्याला हात लावतो. ‘बाबा, आज कोन्ता वार शे?’ चिडून का होईना, नीट उत्तर आलं तर खुशाल झोपा. उत्तर आलंच नाही, असंबद्ध आलं किंवा अंग तव्यासारखं तापलेलं असलं, तर ती झोप नाही. उष्माघातात शरीराचं तापमान 40 अंशांवर जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नये. आधी 108 ला फोन करावा, सावलीत न्यावं, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.