उलट नोंद

सांगलीच्या वखारभागात हळदीची आडत चालविणाऱ्या एका कुटुंबात आषाढाच्या पावसात घडलेली ही हकिगत आहे. घरातील वडीलधाऱ्या गृहस्थांना घरीदारी सारे अण्णाच म्हणत. व्यवहाराला चोख, बोलण्यात थोडे कडक, परंतु शब्दाला पक्के अशी त्यांची ख्याती होती. सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या मोटारीला त्यांनी चोरीपासून संरक्षण म्हणून बाहेरून भोंगा बसवून घेतला होता. त्या भोंग्याने इतकी वर्षे तक्रारीला जागा दिली नव्हती.

एका रात्री पावणेतीनच्या सुमारास तो अचानक किंचाळू लागला. छत्री घेऊन अण्णा खाली धावले. आजूबाजूला चिटपाखरूही नव्हते. त्यांनी रिमोटची कळ पुन्हा पुन्हा दाबली, परंतु भोंगा ऐकेना. काही वेळाने आपोआप थांबला आणि चारच्या सुमारास पुन्हा सुरू झाला. तिसऱ्या रात्री अण्णांनी संतापाने पाना आणला आणि मोटारीच्या बॅटरीची तारच सोडविली. वीज तोडली म्हणजे आवाज बंद पडेल, हा त्यांचा हिशेब उलटला. भोंगा अधिकच जोराने ओरडू लागला, आणि तार पुन्हा जोडल्यावरच गप्प झाला. या घटनेत सारे उत्तर दडलेले होते. परंतु त्या वेळी ते कोणाच्या ध्यानी आले नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी राहत. त्यांच्या पत्नीवर हृदयाची शस्त्रक्रिया होऊन आठच दिवस झाले होते. सकाळी गुरुजी हात जोडून म्हणाले, "अण्णा, मंडळींना नुकतेच घरी आणले आहे. झोप मोडू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. काही करता आले तर पाहा." ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि मोटारीचा असा भोंगा जवळून ११० डेसिबलच्याही वर जातो. गुरुजींना हे ठाऊक असावे, पण त्यांनी नियमाचा उच्चारही केला नाही. त्यामुळे अण्णा अधिकच ओशाळले.

मोटार दुरुस्तीला गेली. पहिल्या खेपेस धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची संवेदनक्षमता कमी करण्यात आली. दुसऱ्या खेपेस बॉनेटखालचे बटण बदलण्यात आले. हे बटण गंजले तर बॉनेट बंद असूनही उघडे असल्याचा संदेश यंत्रणेला जातो, म्हणून शंका अगदीच गैर नव्हती. दोन्ही वेळा एक-दोन रात्री शांततेत गेल्या आणि पुन्हा तेच सुरू झाले.

यंत्रात दोष सापडेना, तेव्हा अण्णांनी तो माणसात शोधला. इमारतीच्या रखवालदाराचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा वाहनतळात खेळत असे. मोटारीच्या काचेला नाक लावून आत पाहताना अण्णांनी त्याला एकदा पाहिले होते. एवढ्या भांडवलावर त्यांनी एका सकाळी चार माणसांदेखत त्याला दरडावले, "रात्री उठून गाडीशी चाळे तूच करतोस. पुन्हा हात लावलास तर याद राख!" मुलगा काही बोलला नाही. रखवालदाराने मान खाली घातली. त्या दिवसापासून मुलगा वाहनतळात दिसेनासा झाला, आणि महिनाअखेरीस आपण काम सोडणार असल्याचे रखवालदाराने कळविले.

ही गोष्ट पेढीवर निघाली, तेव्हा चाळीस वर्षे वह्या सांभाळणारे दिवाणजी चष्मा काढून म्हणाले, "अण्णा, तेरीज जुळली नाही, तर आपण लगेच कोणावर आळ घेतो का? आधी बेरजा तपासतो. मग रोजकीर्द आणि खतावणी समोरासमोर ठेवून एकेक रक्कम पाहतो. फरक कोणत्या पानावर नाही, हे ठरत गेले म्हणजे तो कोणत्या पानावर आहे, ते कळते."

अण्णांची सूनबाई इलेक्ट्रॉनिक्सची पदविकाधारक होती. लग्नापूर्वी दोन वर्षे तिने तंत्रनिकेतनात शिकविले होते. तिने रात्री सासऱ्यांना विचारले, "अण्णा, मी एकदा पाहू का? मात्र पाच दिवस काहीच बदलायचे नाही. फक्त लिहून ठेवायचे." अण्णांनी होकार दिला, पण गुरुजींकडे स्वतः जाऊन पाच दिवसांची मुदत मागून घेतली. तेवढे दिवस रात्री मोटार आडतीच्या वखारीत ठेवण्याचेही ठरले. वखारीच्या राखणदाराने वेळा लिहावयाच्या होत्या.

पाच दिवसांनी वही बोलू लागली. भोंगा दिवसा एकदाही वाजला नव्हता. साऱ्या नोंदी रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेतील होत्या. पाऊस पूर्ण उघडला होता, त्या रात्री एकही नोंद नव्हती. आणि वखारीला तर कुलूप होते; तेथे कोणाचा मुलगा जाणे शक्यच नव्हते. ही ओळ वाचताना अण्णा थांबले, पण काही बोलले नाहीत.

सूनबाईंना आणखी एक गोष्ट हवी होती. भोंगा वाजतो तेव्हा मोटारीचे इंडिकेटर लुकलुकतात की नाही? राखणदाराने वेळ लिहिली होती, दिव्यांचे त्याला सांगितलेच नव्हते. घाबरून धावलेल्या अण्णांना तर काहीच आठवेना. तेव्हा ती रखवालदाराच्या खोलीवर गेली आणि मुलालाच विचारले. तो आधी आईच्या आड झाला. मग हळूच म्हणाला, "दिवे नाही लागत, ताई. दार आपटून वाजतो तेव्हा लागतात. रात्री नुसताच ओरडतो. मी खिडकीतून बघतो ना."

या एका साक्षीने निम्मे काम झाले. दार, बॉनेट किंवा धक्का यांपैकी कशानेही यंत्रणा जागी झाली असती, तर मुख्य पेटीने भोंग्याबरोबर दिव्यांनाही हुकूम दिला असता. दिवे लागत नाहीत, याचा अर्थ पेटीने हुकूमच दिलेला नाही. भोंगा स्वतःच्या विचाराने ओरडत आहे. सेन्सर आणि बटण यांवर झालेला खर्च चुकीच्या पानावर पडला होता.

भोंगा आपल्या विचाराने केव्हा ओरडतो? त्याच्या पोटात स्वतःची लहान बॅटरी असते. चोराने मोटारीची तार कापली तरी आवाज बंद पडू नये, यासाठी ती दिलेली असते. बाहेरून येणारी वीज तुटली, की भोंगा चोरी झाली असे समजून आतल्या बॅटरीवर वाजू लागतो. अण्णांनी पाना लावला त्या रात्री नेमके हेच झाले होते. म्हणजे रोज रात्री कोठेतरी ती वीज आपोआप तुटत होती.

आता तपासणी सोपी झाली. अशा भोंग्याला तो शांत करण्यासाठी बाजूला कुलूप असते आणि त्याची छोटी किल्ली भोंग्याबरोबर मिळते. कागदपत्रांच्या पाकिटात ती सहा वर्षे पडून होती. सूनबाईंनी प्रथम भोंगा किल्लीने बंद केला, कारण एवढा आवाज कानाशी झाला तर इजा होऊ शकते. मग मल्टिमीटर लावला. इंजीन बंद असताना मोटारीच्या बॅटरीत १२.५ व्होल्ट होते, म्हणजे ती ठीक होती. भोंग्याच्या लाल तारेवरही वीज पूर्ण येत होती. उरली काळी तार. ती मोटारीच्या लोखंडी अंगाला बोल्टने जोडलेली असते आणि विजेच्या परतीची वाट तीच. तिच्या आणि बॅटरीच्या ऋण टोकाच्या दरम्यान मापक जवळपास शून्य दाखवावयास हवा होता. तो एक व्होल्टच्या वर गेला, आणि तार बोटाने हलविताच आकडा नाचू लागला.

बोल्ट उघडला, तेव्हा तारेची कडी गंजाने पांढरी-हिरवी झालेली दिसली. दिवसा इंजिनाच्या उष्णतेने जोड कसाबसा टिकत असावा. रात्री लोखंड थंड होई, ओल धरे आणि संबंध सुटे. सूनबाईंनी काचकागदाने कडी आणि पत्रा चकचकीत घासला, बोल्ट घट्ट आवळला आणि वरून व्हॅसलिनचा थर दिला. मापक शून्यावर स्थिरावला. मग किल्ली फिरवून, मोटारीचे कुलूप लावून तिने दार हलविले. भोंगा वाजला, दिवेही लुकलुकले, आणि रिमोट दाबताच दोन्ही थांबले. सहा वर्षांत आतली बॅटरीही थकलेली असणार, म्हणून तीही पुढच्या आठवड्यात बदलून घेतली. जुनी बॅटरी पाझरली तर भोंग्यातील पाटी खाऊन टाकते.

संध्याकाळी अण्णा पेढीवर दिवाणजींना सारे सांगत होते. शेवटी म्हणाले, "चला, फरक सापडला. खाते मिटले."

दिवाणजी म्हणाले, "फरक सापडला, पण चुकीची नोंद अजून वहीत आहे. ती खोडायची नसते, अण्णा. तिच्या समोर उलट नोंद करायची असते, आणि तीही त्याच वहीत."

अण्णा रात्री बराच वेळ जागे होते. भोंगा मात्र वाजला नाही.

सकाळी वाहनतळात माणसे जमण्याच्या वेळी ते खाली उतरले. गुरुजी दूध घेऊन येत होते. आधीच्या वेळी हजर असलेले दोघे शेजारीही तेथे होते. अण्णांनी रखवालदाराला मुलाला बोलावण्यास सांगितले. बापाचा चेहरा उतरला. मुलगा येऊन दूर उभा राहिला, तेव्हा अण्णा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाळ, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. दोष तारेचा होता. तो सापडला तोही तुझ्यामुळे. मला माफ कर." मग रखवालदाराकडे वळून म्हणाले, "तुमच्या मुलाला चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांतच सांगतो. चूक माझी होती."

रखवालदाराला काय बोलावे हे सुचेना. गुरुजींनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

श्रावणात घरची मंडळी एका लग्नासाठी चार दिवस बेळगावला गेली. निघताना अण्णांनी मोटारीची दुसरी किल्ली आणि भोंग्याची छोटी किल्ली एका दोऱ्यात ओवून रखवालदाराच्या हाती दिली आणि म्हणाले, "रात्री वाजलाच, तर आधी दिवे पाहा. न समजले तर मुलाला उठवा."