शर्यतीचा टायर आणि रस्त्याचा हक्क

समाजमाध्यमांवर मुसलमानाला हिणवायचं असलं की ‘पंक्चरवाला’ म्हणायची पद्धत पडली आहे. माझे अब्बा खरंच पंक्चरवाले होते. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर त्यांचं टायरचं दुकान होतं आणि त्याच दुकानावर आम्ही चौघं भावंडं शिकलो. त्यामुळे या शब्दाचा मला राग येत नाही. आज लिहायचं आहे तेही टायरबद्दलच. माझ्या भाच्याने त्याच्या रोजच्या गाडीला शर्यतीचे टायर लावले आहेत आणि त्यावरून आम्हा मामा-भाच्यात तीन महिने वाद चालू आहे.

भाचा अमेरिकेत डॅलसला असतो. नोकरी संगणकाची, पण जीव गाडीत. त्याच्याकडे मस्टँग आहे. डॅलसच्या दक्षिणेला एनिस गावाजवळ टेक्सस मोटरप्लेक्स नावाचा ड्रॅग रेसिंगचा ट्रॅक आहे, १९८६ पासूनचा. तिथे तो गाडी पळवायला जातो. माझा त्याला विरोध नाही. भर रस्त्यावर रेस लावणाऱ्या पोरांपेक्षा ट्रॅकवर जाणारा पोरगा शहाणाच म्हणायचा.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. अंतर पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. वळण नाही, चढ-उतार नाही. सगळा खेळ सुटतानाचा: इंजिनाची ताकद चाक जागेवर न फिरवता जमिनीवर उतरली पाहिजे. म्हणून या शर्यतीचा टायर वेगळा. रबर अतिशय मऊ, खाचा अगदी कमी आणि उथळ, बाजू लवचिक. शर्यतीआधी चाक जागेवर फिरवून धूर काढतात तो नुसता दिखावा नसतो. त्याने रबर तापतं आणि चिकट होतं. ट्रॅकवरही चिकट द्रव फवारलेला असतो. शिवाय हवा कमी ठेवतात. रस्त्यावर जिथे ३२ पौंड लागते, तिथे ट्रॅकवर १६-१८ पौंडांवर गाडी सोडणारे पुष्कळ आहेत. हवा कमी असली की टायर जमिनीवर जास्त पसरतो.

पूर्ण गुळगुळीत टायर, ज्याला स्लिक म्हणतात, तो फक्त शर्यतीसाठीच असतो. भाच्याने लावलाय तो ड्रॅग रेडियल. त्याला थोड्या खाचा असतात आणि बाजूला ‘डीओटी’ हा शिक्का असतो. भाच्याचं सगळं म्हणणं या शिक्क्यावर उभं आहे. “मामू, कायद्याने चालतो. शिक्का बघा ना!”

शिक्का मी बघितला. डीओटी म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं, पण हा शिक्का खातं तपासून देत नाही. आपला टायर किमान नियमांत बसतो, असं कंपनी स्वतः जाहीर करते आणि शिक्का मारते. त्याच टायरवर आणखी एक आकडा असतो, झिजेचा. तिथल्या पद्धतीत १०० हा मूळ मापाचा टायर, ४०० म्हणजे त्याच्या चौपट टिकणारा. रोजच्या गाड्यांचे टायर ३००, ५०० असे असतात. काही ड्रॅग रेडियलवर हा आकडा चक्क ०० असतो. टिकण्याचा दावाच कंपनी करत नाही. एवढा मऊ टायर रोज ऑफिसला नेला तर काही हजार किलोमीटरमध्ये खलास. पण तो झाला पैशाचा प्रश्न. पैसे त्याचे आहेत.

माझी भीती पाण्याची आहे. टायरच्या खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखालचं पाणी बाहेर जायला ती गटारं असतात. गटार तुंबलं की टायर पाण्यावर चढतो, स्टिअरिंग हलकं होतं आणि ब्रेक दाबून उपयोग नसतो. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या चाकांवर याचा अभ्यास केला. त्यातून एक सोपं गणित निघालं: टायरमधल्या हवेच्या पौंडांचं वर्गमूळ काढा, १०.३५ ने गुणा, उत्तर ताशी मैलांत येतं. पाणी खाचांपेक्षा खोल साचलं असेल तर त्या वेगाला टायर तरंगतो. ३२ पौंडांना उत्तर येतं ताशी सुमारे ९४ किलोमीटर. १६ पौंडांना सुमारे ६७. ट्रॅकवरून निघताना हवा भरायची राहिली आणि वाटेत पाऊस लागला, तर हायवेवर ताशी ११० ने जाणाऱ्या गाडीचं काय होईल, हे हिशेबाने समजतं. आणि हवा पूर्ण भरली तरी खाचा उथळच. दुसऱ्याचा टायर ज्या पाण्याला पुरून उरेल, त्यात याचा टायर आधीच तरंगायला लागेल.

त्यात मस्टँगची ताकद मागच्या चाकांवर. म्हणून ड्रॅग टायर फक्त मागे, पुढे साधे. पाण्यात मागची चाकं आधी सुटणार आणि गाडी गरकन फिरणार. पुढची चाकं सुटली तर गाडी निदान सरळ जाते. मागची सुटली तर ती कुठल्या लेनमध्ये जाईल, सांगता येत नाही.

भाचा म्हणतो, “पावसात मी गाडी काढतच नाही.” पण सकाळी ऊन बघून ऑफिसला गेलेला माणूस संध्याकाळी पाऊस आहे म्हणून तिथेच मुक्काम करत नाही. टेक्ससचा पाऊसही काही सांगून येत नाही.

त्याच्याच दुनियेतलं एक उदाहरण मी त्याला दिलं. अमेरिकेत २००५ पासून ‘ड्रॅग वीक’ नावाची स्पर्धा भरते. आठवडाभर ट्रॅकवर शर्यत लावायची आणि एका ट्रॅकहून दुसऱ्या ट्रॅकला तीच गाडी सार्वजनिक रस्त्याने चालवत न्यायची. एकूण प्रवास साधारण हजार मैलांचा. त्यातले कितीतरी लोक गाडीमागे छोटा ट्रेलर जोडतात आणि शर्यतीची चाकं त्यावर ठेवतात. ट्रॅकवर पोचले की चाकं बदलतात, निघताना पुन्हा बदलतात. ज्यांनी या खेळात उमर घालवली ते दोन जोड बाळगतात. मग एका जोडात भागवण्याचा हट्ट कशाला?

आपल्याकडे जायज आणि मुनासिब हे दोन वेगळे शब्द आहेत. जायज म्हणजे मनाई नाही. मुनासिब म्हणजे त्या जागी, त्या वेळी शोभणारं. शिक्का फार तर टायर जायज आहे एवढं सांगतो. ट्रॅकवर तो मुनासिबही आहे. पण हायवेवर शेजारच्या लेनमध्ये कुणाची तरी आई, कुणाची तरी लेकरं असतात, त्यांनी या शर्यतीत नाव नोंदवलेलं नसतं. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा इमानचा हिस्सा आहे, हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. रस्त्याचाही हक्क असतो, हेही शिकवतात. दगड-काटा बाजूला करणं सोपं आहे. आपणच रस्त्यावरचा काटा होऊ नये, हे त्याच शिकवणीतलं अवघड काम.

अब्बा रिमोल्ड केलेला टायर ट्रकच्या पुढच्या चाकाला लावून देत नसत. गिऱ्हाईक ओरडायचं, शेजारच्या दुकानात जायचं. अब्बा म्हणायचे, “मागे लाव, चालेल. पुढे फुटला तर समोरच्याला मारशील.” टायर वाईट आहे असं ते कधी म्हणत नसत. त्याची जागा कोणती, एवढंच बघत.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याने माझं ऐकलं, असं अजून म्हणता येत नाही. पण परवा त्याचा मेसेज आला. मागच्या दोन चाकांसाठी जुन्या रिम कुणी स्वस्तात विकतंय, घेऊ का, असं विचारत होता. मी लिहिलं, “घे. आणि घरी ठेवायला हवा मोजायचा गेजही घे.”