पोट मऊ होतं, मामा

प्रिय मामा,

‘गॅस तर झाला होता, तेवढ्यासाठी एवढं पोट फाडलं!’ असं तू परवा मामीला म्हणालास म्हणे. म्हणून हे पत्र. खाडीवरच्या तुझ्या गळवाल्या दोस्तांनाही वाचून दाखव.

त्या रात्री तू ओवा चघळलास, सोडा प्यायलास. पहाटे एका डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. एक्स-रेत काही नव्हतं, पोट दाबलं तर मऊ. पण माणूस गडबडा लोळतोय आणि पोट मऊ, तर आतड्याचं रक्त अडलंय का हे आधी बघायचं असतं. पोट कडक होईपर्यंत थांबलं की आतडं सडलेलंच सापडतं.

मग तुला आमच्याकडे आणलं. मी नाडी धरली, तर ठोक्याला ठोका जुळेना. हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरत होता. तिथे रक्त साकळतं, गुठळी सुटते. तुझी आतड्याच्या मोठ्या धमनीत जाऊन बसली. सीटी अँजिओग्राफीत ती धमनी मध्येच छाटल्यासारखी दिसली. क्रिएटिनीन वाढलेलं, त्यामुळे ‘सीटीच्या डायनं किडनी जाईल’ असं कुणीतरी आधी म्हणालंच होतं. किडनी मागाहून सांभाळता येते रे. आतडं सहाएक तासांत हातचं जायला लागतं, आणि चार तर तू घरीच घालवले होतेस.

रक्त साकळू न देणारं हेपारिन सुरू करून तुला ऑपरेशनला आत घेतलं. मी कोपऱ्यात उभी. आतडं जांभळं, निस्तेज, अजिबात हलत नव्हतं. सरांनी धमनीला चीर देऊन फोगार्टीची नळी सरकवली, टोकाचा फुगा फुगवला आणि मागे ओढला. गुठळी बाहेर! हा टॉमस फोगार्टीही तुमच्यातलाच. त्यानं पहिला फुगा रबरी हातमोज्याच्या करंगळीचा केला आणि नळीला बांधला तो गळाला पिसांची माशी बांधतात तशा गाठींनी.

हळूहळू आतड्यावर गुलाबी रंग चढला, मग एक लाट सरकली. दीड फूट मात्र कापावं लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोट उघडलं ते पहिल्यांदा चुकलं म्हणून नव्हे. काठावरचं आतडं जगलं का, हे बघायचं आधीच ठरलं होतं.

या दुखण्यात आजही निम्म्याच्या आसपास माणसं दगावतात.

दाढ काढताना थांबवलेली रक्त पातळ करायची गोळी तू परत सुरूच केली नव्हतीस. आता रोज रात्री आठला घे. सोमवारी आयएनआर तपास, २ ते ३ च्या मध्ये हवा. आणि कुणीही गोळी बंद करायला सांगितली, तर आधी मला फोन कर.

तुझी,
सुमी