सिडनी ते लंडन : अंतर तेच, वेळ निराळी

ऑस्ट्रेलियातले सिडनी आणि इंग्लंडची राजधानी लंडन यांतील हवाई अंतर सुमारे १७,००० किलोमीटर. १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटास कंपनीचे विमान २९ प्रवासी व ११ कर्मचारी घेऊन सिडनीहून निघाले. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे घेत चार दिवसांनी ते लंडनला उतरले. उड्या मारीत जाणाऱ्या या वाटेला 'कांगारू मार्ग' असे नाव पडले.

जाण्यायेण्याचे भाडे होते ५८५ पौंड. तिथल्या साध्या कामगाराच्या वर्षभराच्या पगाराहूनही जास्त! पोटासाठी इंग्लंड सोडून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मजुराला आई आजारी असल्याची तार आली, तरी त्याला बोटीचाच आधार. बोटीला महिनाभर लागे. तोवर आई कुठली भेटायला?

आज एक थांबा घेऊन हाच प्रवास सुमारे २४ तासांत होतो. लंडनहून सिडनीला येताना वेळ थोडा कमीच लागतो, कारण उंचावरचा पश्चिमेचा वारा विमानाच्या पाठीशी असतो.

अंतर एका मैलानेही घटलेले नाही. पण दूर गेलेला लेक आता दोन दिवसांत आईच्या उशाशी बसू शकतो. मात्र तिकिटाचे पैसे गाठीला हवेत.