सुभेदार साब आणि काळा स्पंज

फौजी हॉस्पिटल म्हटलं की लोकांना गोळी लागलेला जवान आठवतो. मी नर्सिंग असिस्टंट आहे. पंजाबातल्या पोस्टिंगमध्ये सर्जिकल वॉर्डात ड्यूटी केली, तेव्हा गोळीचे पेशंट क्वचित दिसले. शुगरने पाय सडलेले माजी सैनिक मात्र सतत येत असत. त्यातल्याच एका सुभेदार साबांची ही गोष्ट.

साब सत्तरीचे, सतरा वर्षांपासून मधुमेह. जूनमध्ये गावच्या गुरुद्वाऱ्यात तापलेल्या फरशीवर त्यांनी अनवाणी सेवा केली. संध्याकाळी डाव्या तळव्याला फोड आले, पण दुखलं काहीच नाही. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, म्हणून जखमेची खबर मेंदूपर्यंत जातच नाही. घरच्यांनी हळद-तेल लावून पट्टी बांधली. दहा दिवसांनी वास सुटला, ताप चढला, तेव्हा मुलगा त्यांना घेऊन आला. करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. गुडघ्याखाली पाय कापावा लागेल, ही शक्यता सर्जन साबांनी पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगून ठेवली.

साबांनी मला विचारलं, "मराठे, पैर बचेगा या नहीं? ट्रॅक्टर का क्लच कौन दबाएगा?"

मी म्हटलं, "साब, जखम डॉक्टर साब देखेंगे. शुगर आपको देखनी है."

आधी ऑपरेशन झालं. दोन बोटं काढली, पू काढला, सडलेलं सगळं कापून टाकलं. पावलापर्यंत रक्त पोहोचतंय का, हाडात इन्फेक्शन शिरलंय का, हे तपासलं. नशिबाने रक्त चांगलं होतं. इन्सुलिन सुरू झालं, पू तपासून त्याप्रमाणे अँटिबायोटिक ठरलं. जखम स्वच्छ झाल्यावर मग मशीन लागलं.

त्याला वॉर्डात आम्ही 'व्हॅक' म्हणतो. काम तसं साधं आहे. जखमेच्या मापाचा काळा स्पंज कापून आत बसवायचा, वर पारदर्शक चिकट फिल्म लावायची, तिला भोक पाडून नळी जोडायची आणि मशीन चालू करायचं. बाहेर हवेचा दाब साधारण ७६० मिलिमीटर पारा असतो. स्पंजाखाली तो बहुतेक वेळा त्याहून १२५ ने कमी ठेवतात. स्पंज आक्रसतो, जखमेच्या कडा आत ओढल्या जातात, घाण पाणी नळीतून डब्यात जमतं, सूज उतरते आणि तळाशी लाल, दाणेदार मांस धरायला लागतं. अमेरिकेत आर्जेंटा आणि मोरिक्वास या दोघांनी ही पद्धत १९९७ साली मांडली. पुढे २००५ साली लॅन्सेटमध्ये पावलाचा काही भाग कापलेल्या १६२ मधुमेही पेशंटचा अभ्यास छापून आला. सोळा आठवड्यांत मशीनवाल्यांपैकी ५६ टक्के जखमा भरल्या, साध्या ओल्या ड्रेसिंगवाल्यांच्या ३९ टक्के.

खरी कसोटी बोटांच्या बेचक्यात. तिथे फिल्म नीट चिकटत नाही, हवा शिरते आणि रात्री दोन वाजता मशीन कोकलायला लागतं. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलायचा. आत जितके तुकडे ठेवले तितके मोजून बाहेर काढायचे आणि तसं लिहून ठेवायचं. कोतमध्ये हत्यारं मोजतात ना, अगदी तसंच! एखादा तुकडा आत राहिला तर त्यातून इन्फेक्शन होतं. आणि डब्यात ताजं लाल रक्त दिसलं तर मशीन बंद, जखमेवर दाब आणि डॉक्टरला हाक.

पाच आठवडे हे चाललं. डाव्या पायावर वजन टाकायला साबांना सक्त मनाई होती. लंगरच्या खीरीची आठवण काढत ते बिनसाखरेचा चहा प्यायचे. मग जखम लालबुंद, समतल झाली. मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावली. ती धरली. दोन बोटं गेली, पण पाऊल राहिलं.

मशीन म्हणजे जादू नव्हे, हेही सांगायला हवं. शेजारच्या बेडवर एक हवालदार होते. त्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्या होत्या. रक्तच पोहोचत नाही तिथे नुसतं ओढून मांस कुठून येणार? त्यांचा पाय गुडघ्याखाली गेला. मेलेलं मांस तसंच असेल, हाडातल्या इन्फेक्शनवर उपचार झाले नसतील किंवा रक्तवाहिनी उघडी पडली असेल, तर हे मशीन लावत नाहीत. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून फौजींना पुन्हा उभं करत आलंय, हे मी त्या हवालदारांना सांगितलं. ते नुसते मान हलवून भिंतीकडे बघत राहिले.

आता आपल्या पेन्शनर मंडळींसाठी दोन शब्द. रूट मार्चनंतर फूट इन्स्पेक्शन व्हायचं, आठवतं? शुगर असेल तर ते रोज रात्री घरी करा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा, नाहीतर सूनबाईंना किंवा नातवाला बघायला सांगा. बूट घालण्याआधी झटका. राजस्थानात विंचवासाठी झटकायचो, इथे खड्यासाठी. कुरूप ब्लेडने कापू नका. गरम पाण्यात पाय शेकू नका. वारीला जरूर जा, पण अनवाणी नको. विठोबा रागावणार नाही. फोड, भेग, काळा डाग, काहीही दिसलं तर त्याच दिवशी ईसीएचएस पॉलीक्लिनिक गाठा. वर्षातून एकदा तरी पायाची संवेदना आणि नाडी तपासून घ्या.

दुखत नाही म्हणून जखम किरकोळ समजू नका. मधुमेहात न दुखणारी जखमच जास्त धोक्याची.

जय हिंद.