खाली पडल्यावरचा खेळ

आमगाव, जि. गोंदिया

प्रिय गुड्डू,


परवा फोनवर तू म्हणालास, "मामा, उभ्याने मी कोणालाही झोडतो, पण खाली पडलो की संपलं. कुस्तीचा भागच बेकार आहे." तुझा राग मला पटला, कुस्तीवरचा ठपका मात्र पटला नाही.

तुझ्या 'यूएफसी ४' या व्हिडिओ गेममध्ये उभ्याने हरलास तर कारण समजतं. हुक आला त्याच बाजूला डोकं झुकवलंस, मार जास्त बसला. हवेत ठोसे मारत सुटलास, दम संपला. चीड येते, पण ती कामाची. पुढच्या वेळी हात आवरतो. खाली गेल्यावर तसं राहत नाही. वरचा गडी कुठे सरकणार ते ओळखून आर-टू बटण दाबायचं आणि उजवी स्टिक त्याच दिशेला ढकलायची. ओळखायचं कशावरून? हालचाल दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. मग माणूस अंदाजाने स्टिक फिरवतो, चुकला की पुन्हा खालीच.

आखाड्यात हे अंगाला कळतं. समोरचा घिस्सा डाव मारणार असला की आधी त्याचा भार हलतो, मानेवरचा हात घट्ट होतो. डोळे झाकले तरी समजतं. ते वजन तुझ्या हातातल्या कंट्रोलरपर्यंत येतच नाही. त्याच्या बदल्यात मिळाल्या पडद्यावरच्या पट्ट्या! पकड बसली की आपली पट्टी त्याच्या पट्टीवर न्यायची. सुटायचं असेल तर पळवायची. गळ्याभोवती हात आहे हे विसरून तू पट्टीमागे धावतोस. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या 'यूएफसी ५' मधून तो प्रकार काढून टाकला आहे, पण तो गेम तुझ्या पीएस-४ वर चालत नाही.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. भरत खंडारे हा आपल्या महाराष्ट्राचा, कुस्तीतून आलेला गडी. २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये तो यूएफसीच्या खऱ्या पिंजऱ्यात उतरला आणि साँग यादाँगने पहिल्याच फेरीत त्याला गिलोटिनमध्ये धरलं. मान काखेत पकडून गळा आवळायचा, असा तो डाव. कुस्तीत गळा आवळायला बंदी, त्यामुळे पाय धरायला पटात शिरताना मानेची फिकीर नसते. पिंजऱ्यात तीच मान सापडते. पाठीचंही तसंच. कुस्तीत पाठ टेकली की चीत, म्हणून पैलवान पोटावर पडून मातीला चिकटून राहतो. पिंजऱ्यात पोटावर राहिलास तर पाठीवर चढलेला मागून गळा धरतो. उलट पाठीवर पडून पायांनी त्याला अडवता येतं, वरून खाली खेचता येतं, हातही मोडायला घेता येतो. वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं सगळं पैलवानाला पुन्हा शिकावं लागतं. एवढा मोठा विचार त्या जमिनीवरच्या झटापटीत आहे, आणि तुझ्या वाट्याला आल्या पट्ट्या.

सध्या एवढं कर. गेममधली ग्रॅपल असिस्ट सेटिंग बंद करून जुने कंट्रोल घे, आणि सरावाच्या मोडमध्ये फक्त खालून उठायचा सराव कर. ठोसा एकही नको.

दिवाळीत इकडे ये. मंडईच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या आमदंगलीला जाऊ. त्याआधी घरामागच्या मातीत तुला खाली धरतो. कुठून निसटायचं ते मी सांगणार नाही.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा