एकच्या तोफेचा हिशेब

एडिनबराला पाहुणे आले की त्यांना दुपारी एकच्या आत प्रिन्सेस स्ट्रीटवर न्यावं. कॅसलवरून तोफ उडते, नवखे दचकतात, जुने रहिवासी घड्याळ ताडून पाहतात. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज, १८६१पासून.

ही तोफ मुळात लीथ बंदरातल्या जहाजांसाठी. समुद्रात रेखांश काढायला घड्याळ अचूक लागतं. चार सेकंद चुकले तर विषुववृत्तावर जहाज एक सागरी मैल भरकटलंच समजा. आधी कॅल्टन हिलवर, नेल्सन स्मारकाच्या माथ्यावरून बरोबर एकला एक मोठा गोळा खाली पडे. पण इथलं धुकं! गोळा दिसेना, म्हणून तोफ. तिचा आवाजही लीथला पोचायला दहाएक सेकंद घेतो. त्यासाठी एक नकाशाच छापला गेला, कुठल्या भागात किती सेकंद वजा करायचे ते वर्तुळांनी दाखवणारा. पाहण्यासारखी चीज आहे.

जीपीएस म्हणजे हाच नकाशा, फक्त तोफा आकाशात. उपग्रहाचा संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून आपलं यंत्र अंतर काढतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे तीनशे मीटर!

एवढं काटेकोर घड्याळ, पण तारखेत कच्चं. ६ जानेवारी १९८०पासून ते आठवडे मोजतं, आणि आकड्याला जागा दहाच बिटांची. १०२३ झाले की पुन्हा शून्य. कितवा फेरा चाललाय हे यंत्रातल्या सॉफ्टवेअरनं ओळखायचं; नाही ओळखलं तर तारीख साडेएकोणीस वर्षं मागे. २०१९च्या एप्रिलात असंच झालं आणि न्यूयॉर्क महापालिकेचं बिनतारी जाळं कित्येक दिवस बंद पडलं.

तो क्षण इथल्या वेळेनुसार ७ एप्रिलच्या रात्री एकला अठरा सेकंद कमी असतानाचा. हे अठरा सेकंद का? आपण अधिक मास घालतो तसे जगाच्या घड्याळात अधूनमधून लीप सेकंद घालतात. जीपीएस ते पाळत नाही, म्हणून अठरा सेकंद पुढे. वेव्हर्ली स्टेशनजवळच्या बालमोरल हॉटेलचं घड्याळही मुद्दाम तीन मिनिटं पुढे असतं, कुणाची गाडी चुकू नये म्हणून. पण ते गावाला ठाऊक आहे. सॉफ्टवेअरला कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं.

पुढचा फेरा नोव्हेंबर २०३८मध्ये. नव्या सिग्नलांत आठवड्याला तेरा बिटं दिली आहेत, ती १५७ वर्षं पुरतील. गाडीतली जुनी यंत्रं मात्र दहावरच मोजत राहणार.